पेपरातला ‘सराईत’ आणि कोर्टातला ‘आरोपी’

(फौजदारी कामं चालवणाऱ्या एका नाशिककर वकीलबाईंनी वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरं)

माझ्या भाच्यावर हाणामारीचा गुन्हा दाखल आहे. पेपरात त्याच्या नावाआधी ‘सराईत गुन्हेगार’ छापून आलं. खटला अजून उभाही राहिलेला नाही. आता स्थळं येतायत, लोक विचारतात. काय सांगायचं? — एक वाचक, सिडको

ताई, ‘केस चालू आहे’ एवढंच सांगा. ते खरंही आहे आणि पुरेसंही. लपवू मात्र नका. सोयरिकीत असल्या गोष्टी तिसऱ्याच्या तोंडून कळल्या की जास्त महागात पडतात.

आता शब्दाचं बघू. आपल्याकडे पोलीस ठाण्यात नोंद झाली की आपण सहज म्हणतो, ‘त्याच्यावर गुन्हा आहे.’ वाक्यातला ‘दाखल’ गळतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. पेपरात ‘त्याच्यावर सात गुन्हे’ असं वाचलं की वाटतं, यानं सात गुन्हे केले. मुळात सात फिर्यादी नोंदल्या गेल्या, इतकाच त्याचा अर्थ. त्यातल्या दोनांत तो सुटलेला असेल, एकात तडजोड झाली असेल, उरलेल्या तारखांवर तारखा खात पडून असतील. सात वेळा शिक्षा झाली असती तर बातमीदारानं ते आवर्जून लिहिलं असतं.

पहिल्या खबरीचा (एफआयआरचा) छापील नमुना कधी हाती आला तर वाचून बघा. आरोपीच्या तपशिलाचा रकानाच माहीत असलेला, संशयित आणि अनोळखी अशा तिघांसाठी आहे. म्हणजे पोलिसांचा कागदसुद्धा सुरुवातीला कुणाला गुन्हेगार म्हणत नाही. पंचनाम्यात तर माणूस नुसता ‘सदर इसम’ असतो. (इसम हा शब्द पोलिसांनीच जिवंत ठेवलाय. एरवी मी तो कुणाच्या तोंडी ऐकत नाही.) पुढे दोषारोपपत्र जातं, त्यात ‘अटक आरोपी’ आणि ‘पाहिजे आरोपी’ असे दोन गट. सीबीएसजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात तारखेच्या दिवशी रोजनाम्यात लिहिलं जातं, ‘आरोपी हजर. आरोपीचे वकील हजर.’ निकाल लागेपर्यंत तो आरोपीच. कोर्टानं दोषी ठरवलं तरच गुन्हेगार. साक्षीपुराव्यातून सुटला तर निर्दोष, मग गल्लीला काहीही वाटो.

तुरुंगातही हा फरक पाळतात. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात एक न्यायाधीन बंदी, दुसरा सिद्धदोष बंदी. आपण बाहेरचे त्यांना कच्चा कैदी, पक्का कैदी म्हणतो. बोलीतलं असूनही हे अगदी नेमकं आहे.

राहिला ‘सराईत’. एके काळी हा चांगला शब्द होता. सराईत गवई, सराईत हात, सराईत सुगरण. आता तो चोरापुढेच लागतो. शिक्षा ठरवताना आधीच्या दोषसिद्धीचा विचार होतो, पण नुसत्या दाखल गुन्ह्यांवरून कोर्ट कुणाला सराईत ठरवत नाही. तुमच्या भाच्याला एकदाही शिक्षा झालेली नसेल, तर तो शब्द चुकीचा आहे. संपादकांना तसं लेखी कळवा, सोबत केसची सद्यस्थिती जोडा आणि खुलासा छापायला सांगा. दाद लागली नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. बदनामीचा दावा हा शेवटचा उपाय. त्यात तुमचीच चप्पल झिजते.

आमच्या वॉर्डातला एक जण दोन वर्षांसाठी तडीपार झाला. म्हणजे त्याचा गुन्हा सिद्ध झाला का? — पंचवटीतून

तसं काही नाही. गोदाकाठच्या माणसाला तड म्हणजे काठ हे सांगायला नको. काम ‘तडीस नेणं’ यातली तड तीच. तडीपार म्हणजे काठापलीकडे घालवलेला. कागदोपत्री शब्द ‘हद्दपार’.

हा आदेश बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 56 खाली निघतो. शहरात पोलीस उपायुक्त काढतात, ग्रामीण भागात प्रांत. कलमाचा रोख असा, की या माणसाच्या दहशतीमुळे साक्षीदार उघडपणे पुढे यायला धजत नाहीत, म्हणून त्याला भागाबाहेर काढा. गुन्हा शाबित व्हावाच लागतो असं इथे नाही. आधी नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील. कोर्टाच्या तारखेसाठी परवानगी काढून येता येतं. चोरून आला आणि सापडला, तर तो मात्र वेगळा गुन्हा आणि त्याला कैद आहे.

माझी या प्रकाराबद्दल एकच तक्रार आहे. नाशिक जिल्ह्यातून काढलेला माणूस पलीकडे संगमनेरला जाऊन राहतो. संगमनेरकरांनी काय घोडं मारलंय?

याच पत्रात ‘एमपीडीए लागला म्हणजे काय’ असंही विचारलंय. तो 1981 चा कायदा. त्यात धोकादायक माणसाला खटल्याविना वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. त्याच्या मराठी नावातच ‘झोपडपट्टीदादा’ आणि ‘हातभट्टीवाले’ हे शब्द आहेत. घरातल्या थोरल्या भावाचं संबोधन थेट अधिनियमाच्या मथळ्यात जाऊन बसलंय.

अनंत कान्हेरे यांना खुनासाठी फाशी झाली. मग गोल्फ क्लबच्या मैदानाला त्यांचं नाव कसं? — बारावीतला विद्यार्थी

बाळा, प्रश्न चांगला आहे. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. 19 एप्रिल 1910 ला कर्वे आणि देशपांडे यांच्यासह त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. त्या कोर्टाच्या दप्तरी ते दोषी. पण ब्रिटिश सरकारचा इथला हक्कच लोकांना मान्य नव्हता, म्हणून लोकांनी हुतात्मा म्हटलं आणि नाव मैदानाला दिलं. परीक्षेत दोन्ही लिही, मार्क जाणार नाहीत.

मी शिक्षिका आहे. वर्गातला एक चौदा वर्षांचा मुलगा चोरीच्या प्रकरणात उंटवाडीच्या रिमांड होमला होता, आता परत शाळेत आलाय. सहकारी त्याला ‘बालगुन्हेगार’ म्हणतात. हे चालतं का?

नाही चालत. ‘रिमांड होम’सुद्धा जुनं झालं, आता निरीक्षणगृह. आणि बालगुन्हेगार हा शब्द कायद्यानं कधीच सोडलाय. आजचा शब्द ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. उच्चारताना जीभ अडखळते, कबूल, पण त्यामागे विचार आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाच्या कामकाजात अटक, आरोपी, दोषारोपपत्र, खटला, शिक्षापात्र ठरवणं असले शब्द वापरू नयेत, असं तत्त्वच घालून दिलंय. त्याचं नाव, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायलाही बंदी आहे. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय फिरतंय, तेही जरा बघा.

शिवाय, चौदा वर्षांच्या मुलाविरुद्ध बाल न्याय मंडळानं काही निष्कर्ष काढला असला, तरी त्यामुळे त्याला पुढे कुठेही अपात्र धरता येत नाही. तेव्हा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शेरा मारायचा नाही, वर्तणूक प्रमाणपत्रात उल्लेख करायचा नाही. मुख्याध्यापक ऐकत नसतील तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. सहकाऱ्यांना एवढंच सांगा, की हजेरीपटावर त्याचं जे नाव आहे, त्या नावानं हाक मारा.