‘रिप करंट’ म्हणजे ‘ओहोटीचा प्रवाह’ का?

प्रश्न असा आला आहे: उष्ण कटिबंधातल्या बेटांसाठीचा हवामान-इशारा मराठीत आणताना ‘रिप करंट’ला (किनाऱ्यापासून समुद्राकडे धावणाऱ्या अरुंद, जोरदार प्रवाहाला) ‘ओहोटीचा प्रवाह’ आणि ‘हाय सर्फ’ला (किनाऱ्यावर फुटणाऱ्या उंच लाटांना) ‘उधाण’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते दोन्ही नकोत. आधी पहिला शब्द घेऊ, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे.

‘ओहोटी’ म्हटलं की मराठी माणूस भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहणार आणि भरती चालू असेल तर निर्धास्तपणे पाण्यात उतरणार. पण हा प्रवाह तयार होतो तो लाटांमुळे. लाटा फुटत फुटत पाणी किनाऱ्याकडे लोटतात, ते साचतं आणि परतायला वाट शोधतं. पाण्याखालच्या वाळूच्या बांधात कुठे खोलगट जागा असली की सगळं पाणी त्या चिंचोळ्या वाटेनं समुद्राकडे धावतं. प्रशांत महासागरातल्या गुआमसारख्या बेटांवर वाळूच्या बांधाच्या जागी प्रवाळखडक असतो. लाटा खडकावरून पाणी आतल्या उथळ भागात टाकत राहतात आणि ते खडकातल्या खाचांमधून बाहेर पडतं. ओहोटीला पाणी या खाचांतच कोंडलं की जोर वाढतो, हे अनेक किनाऱ्यांवर खरं आहे. पण लाटा मोठ्या असल्या तर हा प्रवाह भरतीतही जोरात असू शकतो. इंग्रजीतही हाच घोळ होता. लोक याला ‘रिप टाइड’, म्हणजे भरती-ओहोटीशी नातं सांगणारं नाव, देत असत. फ्रान्सिस शेपर्ड या सागरी भूवैज्ञानिकानं 1936 साली त्यावर बोट ठेवून ‘रिप करंट’ हा शब्द पुढे केला. इंग्रजीनं निस्तरलेली चूक आपण मराठीत नव्यानं का करायची?

मग काय म्हणायचं? शब्द आपल्या तोंडात आहेच: ओढ. ‘पाण्याला ओढ आहे’ हे सांगायला भाषांतरकार लागत नाही. मला ‘ओढप्रवाह’ आवडतो. त्यात ‘ओढा’ही ऐकू येतो, आणि समुद्रातच वाहणारा अरुंद ओढा हे या प्रवाहाचं चित्र चांगलंच जुळतं. (पाऊस मात्र ‘ओढ देतो’ तेव्हा येतच नाही, तो वेगळा विषय.) पहिल्या उल्लेखात ‘ओढप्रवाह, म्हणजेच रिप करंट’ असं लिहावं, कारण किनाऱ्यावरच्या पाटीवर इंग्रजी शब्दच असण्याची शक्यता जास्त.

आता क्रियापद. ‘हा प्रवाह आत ओढतो’ असं सर्रास लिहिलं जातं. मराठीत ‘आत’चे इथे दोन अर्थ होतात: खोल समुद्राकडे, आणि पाण्याखाली. वाचणारा दुसरा अर्थ घेतो आणि घाबरतो. ओढप्रवाह माणसाला तळाशी खेचत नाही, किनाऱ्यापासून दूर नेतो. माणूस बुडतो तो बहुधा त्याच्या विरुद्ध पोहून दमल्यामुळे. जोरदार ओढप्रवाहाचा वेग सेकंदाला 2 मीटरच्याही वर जाऊ शकतो. 50 मीटरची शर्यत जिंकणारा जगातला सर्वांत वेगवान पोहणारासुद्धा सरासरी सेकंदाला अडीच मीटरच्या आतच असतो. म्हणून ‘किनाऱ्यापासून दूर नेतो’ असंच लिहा, दोन शब्द जास्त लागले तरी.

सुटकेच्या सूचनेतही सांभाळा. ‘आडवे पोहा’ नको, काहींना ते ‘आडवे व्हा’सारखं वाटेल. ‘काठाला धरून पोहा’ तर साफ चुकीचं, कारण काठ हातात असता तर इशारा कशाला? ‘किनाऱ्याला समांतर पोहा, जमत नसेल तर तरंगत राहा आणि हात उंचावून मदत मागा’ हे स्वच्छ आहे.

‘शांत’ हा शब्दही जपून वापरा. ओढप्रवाहाच्या जागी पाणी खोल असल्यानं लाटा कमी फुटतात. दोन बाजूंना पांढरा फेस आणि मधे गडद, सपाट पट्टा दिसतो. नवखा माणूस पोहायला नेमका तोच पट्टा निवडतो. ‘लाटा न फुटणारा पट्टा टाळा’ असं म्हटलं की डोळ्यांना खूण मिळते.

राहिलं ‘उधाण’. सुंदर शब्द, पण तो अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीशी बांधलेला आहे. ‘हाय सर्फ’ला चंद्र लागत नाही. हवाईच्या उत्तर किनाऱ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या प्रचंड लाटा हजारो किलोमीटरवरच्या वादळांनी उठवलेल्या असतात. बेटावर तेव्हा लख्ख ऊनही असू शकतं, त्यामुळे ‘वादळी समुद्र’ही दिशाभूल करतो. ‘किनाऱ्यावर उंच लाटा फुटण्याचा इशारा’ हे लांबलचक आहे खरं, पण मी तेच ठेवीन. आणि इशाऱ्यातल्या धोक्याच्या मधल्या पातळीचं, म्हणजे ‘मॉडरेट रिस्क’चं, ‘मध्यम धोका’ करताना एकदा थांबा. मराठीत ‘मध्यम’ ऐकून कुणी पाण्याबाहेर राहत नाही. ‘धोका आहे, जीवरक्षक असेल तिथेच उतरा’ असं मी लिहीन.