'स्क्लेरोसिस'ला मराठीत काय म्हणावं?

कर्वेनगरच्या एका वाचक ताईंनी विचारलंय: वहिनींना मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं निदान झालंय. सासूबाई म्हणतात 'नसा कडक झाल्यात', शेजारी म्हणतात 'हॉकिंगला होता तोच आजार'. मराठीत नेमकं काय म्हणायचं?

ताई, आधी शेजाऱ्यांचं. तो आजार हा नव्हे. स्टीफन हॉकिंग यांना एएलएस होता. त्याच्या पूर्ण नावातही (अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस) स्क्लेरोसिस आहे, म्हणून हा घोटाळा. ग्रीक 'स्क्लेरोस' म्हणजे कठीण. शरीरात काहीतरी कठीण झालंय, एवढंच हा शब्द सांगतो. काय आणि कुठे, ते सोबतच्या शब्दावरून कळतं. सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये त्वचा कडक होते, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात. एएलएसमध्ये स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. हातापायांतली ताकद जाते, बोलणं-गिळणं अवघड होतं.

वहिनींच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. तिथे जे कठीण चट्टे उरतात, ते फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी 1868 साली या आजाराशी जोडून दाखवले. अशा चट्ट्यांना आपल्याकडे फार चांगला शब्द आहे: वण. देवीचे वण म्हणतो ना, तोच. 'मेंदूत आणि मज्जारज्जूत ठिकठिकाणी वण पडलेत' असं सांगितलं तर सासूबाईंना लगेच कळेल.

'नसा कडक झाल्यात' मात्र कृपा करून म्हणू नका. 'नस' म्हणजे आपल्याकडे रक्तवाहिनीही आणि मज्जातंतूही. हे ऐकलं की कोणीतरी तेल चोळायला सांगतं आणि न्यूरॉलॉजिस्टची तारीख पुढे जाते. खरी लक्षणं वण कुठे पडलाय त्यावर ठरतात: एका डोळ्याला अंधूक दिसणं आणि डोळा फिरवताना दुखणं, पाय बधिर होणं, तोल जाणं, लघवीची घाई, झोपूनही न जाणारा थकवा. मान खाली वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं वाटतं, असंही काही जण सांगतात. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्रास वाढल्यासारखा वाटतो आणि अंग गार झालं की बहुतेकदा ओसरतो. याला कोणी 'नाटकं' म्हणत असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

आजाराचं नाव म्हणून 'मल्टिपल स्क्लेरोसिस' किंवा 'एमएस'च ठेवा. 'बहुविध काठिण्य' घरात कोणी बोलणार नाही. नुसतं 'स्क्लेरोसिस' मात्र कधीच नको, आणि मणका वाकडा होतो तो 'स्कोलिओसिस' तर पूर्णपणे वेगळा.