टायमिंगआधी पॉइंट बघा

प्रश्न : माझ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला नवे पॉइंट टाकले. तेव्हापासून चढावर इंजिन खडखडतं. डिस्ट्रिब्युटर फिरवून आवाज घालवला, तर गाडीचा दमच गेला. काय करू?

उत्तर : डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या डब्याला, इतक्यात हात लावू नका. पॉइंट म्हणजे त्यातले उघडमीट करणारे संपर्क; ते उघडले की ठिणगी पडते. त्यांच्यातली फट, म्हणजे गॅप, जास्त झाली की ते लवकर उघडतात, ठिणगी आपोआप आधी पडते आणि इंजिन खडखडतं. म्हणून आधी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप गाडीच्या पुस्तकातल्या मापाला आणा. हा क्रम उलटा केला तर केलेलं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुन्हा हलतं. मी स्वतः एकदा अख्खी दुपार त्यात घालवली आहे.

मग पुलीवरची खूण घासून तिच्यावर खडूची रेघ ओढा. इंजिन गरम हवं. बहुतेक जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करावं लागतं. टायमिंग लाइटची (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याची) चिमटी पहिल्या सिलिंडरच्या वायरला लावा. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट जेमतेम ढिला करा आणि दिव्याच्या उजेडात रेघ पुस्तकातल्या मापावर येईपर्यंत डिस्ट्रिब्युटर अगदी केसभर फिरवा. आतल्या रोटरच्या, म्हणजे फिरत्या तुकड्याच्या, फिरण्याच्या उलट दिशेला नेलं की ठिणगी आधी पडते. बोल्ट आवळल्यावर पुन्हा बघाच, आवळतानाही तो सरकतो.

शेवटी रेस द्या. रेघ सरकायला हवी. जागीच राहिली तर वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी डिस्ट्रिब्युटरमधली वजनं गंजून अडकली आहेत, आणि तुमच्या गाडीचा दम बहुधा तिथेच अडकलाय. खडखडाट मात्र चालवून घेऊ नका, त्याने पिस्टन फुटतो.