वाचकांचे प्रश्न : इन्स्ट्रक्शनल डिझाइन की टेक्निकल कम्युनिकेशन?

प्रश्न : मी बी.एस्सी., बी.एड. असून सहा वर्षे विज्ञान शिकवते आहे. अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा विचार आहे. इन्स्ट्रक्शनल डिझाइन आणि टेक्निकल कम्युनिकेशन या दोन्ही अभ्यासक्रमांची माहितीपत्रके वाचली, पण फरक उमगला नाही. कोणता निवडावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : माहितीपत्रकांची भाषा सारखी असली तरी कामाचा हेतू वेगळा आहे. घरातला ग्लुकोमीटर घ्या. पट्टी यंत्रात घालावी, पडद्यावर थेंबाचे चिन्ह आले की बोट टोचावे, थेंब पट्टीच्या कडेला लावावा, हे सोबतच्या पत्रकात लिहिणे म्हणजे टेक्निकल कम्युनिकेशन. वाचणाऱ्याचे काम त्या क्षणी झाले की पत्रक पुन्हा खोक्यात गेले तरी बिघडत नाही. मात्र आंबा कापून आलेल्या हाताने तपासणी केली तर आकडा खोटा वाढलेला दिसतो आणि आकडा व रुग्णाची स्थिती जुळत नसेल तर हात धुऊन पुन्हा तपासावे, हे नव्या परिचारिकेच्या अंगवळणी पडेल असा सराव, चुका व दुरुस्तीसह आखणे, हे इन्स्ट्रक्शनल डिझाइन.

दुसऱ्या कामाची निम्मी तयारी आपण बी.एड.मध्येच केली आहे. शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांचे शिकण्याच्या उद्दिष्टांचे १९५६चे वर्गीकरण आणि पाठ टाचणातली उद्दिष्टे तेथेही भेटतील. ज्याचा या क्षेत्रात सतत उल्लेख होतो तो ‘ॲडी’ हा पाच टप्प्यांचा आराखडा १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी लष्करासाठी आकाराला आला. त्यामुळे विश्लेषण, आखणी, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन या क्रमाला कवायतीची थोडी झाक आहे, असे मला नेहमी वाटते. टेक्निकल कम्युनिकेशनमध्ये मजकुराचे सुटे तुकडे करून ते अनेक ठिकाणी वापरण्यावर भर असतो आणि संपादनाची चिकाटी अधिक लागते. या क्षेत्रातली १९५३ पासूनची ‘सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन’ ही अमेरिकी संस्था जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली. तिच्या सदस्यत्वाचे आमिष दाखवणारे माहितीपत्रक जुने समजावे.

पदवीच्या नावापेक्षा अभ्यासक्रमाचा अमेरिकी सरकारी वर्गीकरण क्रमांक (सीआयपी कोड) विद्यापीठाला विचारावा; ‘स्टेम’ची सवलत त्यावर ठरते. इन्स्ट्रक्शनल डिझाइन सहसा ज्यात मोडते ते शैक्षणिक तंत्रज्ञान अमेरिकेच्या ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असल्याने पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या कामाच्या परवानगीला आणखी २४ महिने जोडून मिळू शकतात. टेक्निकल कम्युनिकेशनचे बरेच अभ्यासक्रम इंग्रजी विभागाकडे असतात, तेथे ही सवलत गृहीत धरू नये.

माझा कल आपल्यासाठी इन्स्ट्रक्शनल डिझाइनकडे आहे. पण कर्ज काढण्याआधी मुंबईत जुहूला एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचा शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग एकदा पाहून यावा, आणि शाळेतल्या सूक्ष्मदर्शकावर एक पानी सूचना व वीस मिनिटांचा सराव-पाठ असे दोन्ही नमुने करून मुलांच्या हाती द्यावेत. अर्जासोबतच्या पोर्टफोलिओला (कामाच्या नमुन्यांच्या संचाला) तेच उपयोगी पडतील.