खिशात राहिलं आणि मशीनमध्ये गेलं

प्रश्न: वडिलांच्या हातची शेवटची चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात होती आणि तो शर्ट धुवायला गेला. चिठ्ठी घडीतच वाळून कडक झाली आहे. उघडायला गेले तर कोपरा तुटून हातात आला. आता काही करता येईल का?

उत्तर: ताई, तो तुटलेला कोपरा आधी एका पाकिटात जपून ठेवा. चिठ्ठी कोरडी आहे तोवर तिची एकही घडी उलगडू नका. अक्षर कितपत उरलं असेल, हे कशाने लिहिलं होतं त्यावर आहे. बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्याने सहसा जात नाही. वॉशिंग मशीनच्या पंपाच्या फिल्टरमधून काढलेल्या चिठोऱ्यांवर मी बॉलपेनचे आकडे स्वच्छ वाचले आहेत. शाईच्या पेनाने लिहिलं असेल तर मात्र रंग बहुतेक धुऊन गेला असणार.

आता कागदाला पुन्हा मऊ करायचं, पण पाण्यात न बुडवता. झाकणाचा मोठा डबा घ्या. तळाशी ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, त्यावर एखादी जाळी आणि जाळीवर चिठ्ठी. झाकण लावा आणि तासातासाने बघत राहा. दमट हवेने कागद हळूहळू सैल पडतो. रात्रभर तसाच ठेवू नका, बुरशी धरते. सैल पडला की चिठ्ठी प्लास्टिकच्या स्वच्छ कागदावर घ्या आणि मऊ ब्रशच्या टोकाने एकेक घडी सोडवा. अडली की जोर लावायचा नाही, पुन्हा डब्यात ठेवायची. प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा, म्हणजे पुढे काही बिघडलं तरी तोवर दिसलेलं अक्षर हातात राहील. पूर्ण उलगडली की दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर सपाट, हलकं वजन ठेवा आणि टिपकागद ओलसर झाले की बदला. इस्त्री नको, केस वाळवायचं यंत्र नको आणि चिकटपट्टी तर अजिबात नको. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो.

1966 साली अर्नो नदीच्या पुरात फ्लोरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं आणि कागदपत्रं चिखलपाण्यात गेली. जगभरातून धावून आलेल्या तरुणांनी ती बाहेर काढली आणि पानापानात टिपकागद घालून वाळवली. भिजलेला कागद वाचवण्याचं शास्त्र त्या कामातून खूप पुढे गेलं. आज जुनी हस्तलिखितं सांभाळणाऱ्या मोठ्या ग्रंथालयांत आणि अभिलेखागारांत या कामातली जाणकार माणसं असतात. हात थरथरतोय असं वाटलं तर स्वतः करू नका, त्यांच्याकडे न्या. एका चिठ्ठीसाठी कसं विचारायचं, असा संकोच बाळगू नका.

प्रश्न: धुताना ड्रममधून खडखड आवाज येतो. नाणं गेलं असावं. मशीन वापरत राहिलो तर चालेल का?

उत्तर: नको. आवाज कुठून येतो ते कळेपर्यंत निदान स्पिन तरी लावू नका. समोरून दार असलेल्या मशीनला बहुधा खाली एका कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्यामागे पंपाचा फिल्टर. प्लग काढा, आतलं पाणी गार होऊ द्या, खाली पसरट भांडं धरा आणि फिल्टर सावकाश डावीकडे फिरवा. पाणी एकदम येतं, तेव्हा थोडं सोडून पुन्हा बंद करत जा. नाणं, बटण, केसांची पिन, सगळं तिथेच येऊन बसतं. फिल्टर काढल्यावर आत टॉर्च मारा. पंपाचा छोटा पंखा दिसेल. त्यात दोरा किंवा पिन अडकली असेल तर चिमट्याने काढा. दाराच्या रबराची घडीही बोटांनी उलटून बघा.

या दोन्ही ठिकाणी काही मिळालं नाही आणि रिकामा ड्रम हाताने फिरवताना आवाज आलाच, तर वस्तू आतल्या ड्रमच्या आणि बाहेरच्या टबाच्या मध्ये आहे. काही मशीनमध्ये हीटर काढून त्या वाटेने ती बाहेर काढता येते, पण ते काम मेकॅनिकचं. पिन किंवा खिळ्यासारखं टोकदार काही असेल तर उशीर करू नका. ते ड्रमबरोबर घासत राहिलं तर प्लास्टिकच्या टबाला भोक पडतं आणि मग सगळा टबच बदलावा लागतो.

प्रश्न: खिशातलं बॉलपेन फुटून शर्टावर डाग पडला. वाळवणीच्या यंत्रातूनही काढून झाला. जाईल का?

उत्तर: उष्णतेने डाग धरतो, तरी प्रयत्न करा. डागाखाली जुना पांढरा कपडा ठेवा आणि उलट्या बाजूने स्पिरिटचा बोळा टेकवत राहा. चोळलंत तर डाग पसरेल. खालचा कपडा शाई ओढून घेतो, तो सरकवत जा. आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून शर्टाचा रंग उतरत नाही ना, ते बघा. शाई जेल पेनची असेल तर ती निघण्याची फार आशा धरू नका.

प्रश्न: गाडीची रिमोट चावी धुतली गेली. तांदळात ठेवली आहे, पण चालत नाही.

उत्तर: तांदळातून काढा. तो आतलं पाणी ओढत नाही, उलट त्याची पूड फटींत जाते. चावी उघडून सेल लगेच बाहेर काढा, कारण नुसत्या पाण्यापेक्षा पाणी आणि वीज एकत्र आल्याने आतली सर्किटची पट्टी जास्त गंजते. साबणाचा थर राहिला असेल तर पट्टी स्पिरिटने हलक्या हाताने पुसा आणि उघडीच एक-दोन दिवस हवेशीर जागी ठेवा. उन्हात किंवा हीटरपाशी नको. मग नवा सेल घाला. बऱ्याच चाव्यांत 3 व्होल्टचा सीआर 2032 असतो, तरी जुन्यावरचा आकडा वाचूनच आणा.

जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर 2 तासांतच अन्ननलिकेला खोल इजा होऊ शकते. नुसती शंका आली तरी वाट न बघता मुलाला थेट रुग्णालयात न्या.