अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये कुठल्या टीमने कुठला बोल गेम (मोसमाच्या शेवटी होणारा खास सामना) खेळायचा, हे कॉन्फरन्स (कॉलेज टीमचा गट) कसं ठरवते?

गुणतक्त्यातल्या क्रमांकावरून नाही, तर बोल गेमचे आयोजक आणि कॉन्फरन्स यांच्यातल्या करारांवरून ठरतं. आधी १२ टीम प्लेऑफला, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीला, जातात (२०२४ पासून). उरलेल्यांची वाटणी करारातल्या क्रमाने होते. एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) हिचंच बघा: पहिली निवड ऑरलँडोच्या सिट्रस बोलची. त्यानंतरच्या सहा बोलच्या गटात कोण कुठे, हे कॉन्फरन्स स्वतः ठरवते, पण कॉलेजं आणि आयोजक दोघांना विचारून. आयोजकांचं लक्ष अर्थातच तिकीटविक्री, टीव्हीचे प्रेक्षक आणि तीच टीम लागोपाठ येऊ नये याकडे. म्हणून वरची टीम मागे राहू शकते. २०२४ च्या मोसमात प्लेऑफच्या क्रमवारीत अलाबामा ११वी (काही जागा कॉन्फरन्स विजेत्यांना राखीव असल्याने प्लेऑफ मात्र हुकला), साउथ कॅरोलिना १५वी, दोघींचे ९ विजय, ३ पराभव. तरी सिट्रस मिळाला साउथ कॅरोलिनाला आणि अलाबामा गेली टँपाच्या रिलायाक्वेस्ट बोलला.

एक अट मात्र आहे: साधारणपणे किमान ६ विजय लागतात. तेवढ्या टीम भरल्या नाहीत, तर ५ विजयवाल्यांनाही बोलावतात, आणि तेव्हा चक्क खेळाडूंच्या अभ्यासातल्या प्रगतीचे गुण बघतात!