मीटिंगनंतर जिन्यात बोलायचं राहिलं ते

अगं,

रविवारी मीटिंग संपल्यावर जिन्यात तू म्हणालीस, ‘काकू, सेक्रेटरी म्हणून माझं नाव काढून टाका, मला नाही जमायचं हे.’ मी नुसतंच बरं म्हटलं, कारण तुझे डोळे भरले होते आणि मागून लोक उतरत होते. घरी आले पण चैन पडेना. अकरा वर्षं मी आपल्या नागरिक समितीची सेक्रेटरी होते, त्यामुळे तुला काय वाटत असेल ते मला चांगलं माहितीये, म्हणून हे लिहायला बसले. लांबलंय जरा, सवडीने वाच.

लोक ओरडले ते तुझ्यावर नाही ओरडले गं. तीन महिन्यांपूर्वी काँक्रीट केलेला रस्ता परत उखडलेला बघून कुणालाही राग येणार, आणि तो काढायला समोर तूच होतीस. पण तू एक केलंस ते मी पण पहिल्या वर्षी केलं होतं. ड्रेनेज, पार्किंग, फुटपाथ, भटकी कुत्री, पाण्याचं प्रेशर, हॉलचा डीजे, जो जे बोलेल ते तू वहीत उतरवून घेतलंस, सतरा मुद्दे झाले, आणि शेवटी म्हणालीस की याचं एक निवेदन करू. मी तेव्हा असंच एक लांबलचक निवेदन टाइप करून पंच्याऐंशी सह्या गोळा केल्या होत्या, चार जिने चढउतार करून, आणि त्याचं काही म्हणजे काहीच झालं नाही. का झालं नाही ते कळायला वर्ष गेलं. महापालिकेत रस्ता पथ विभागाकडे, त्याच्या खालचं चेंबर मलनिस्सारणकडे, पाण्याची लाइन पाणीपुरवठ्याकडे, दिवा विद्युतकडे, झाड उद्यानकडे. सगळं एकाच कागदावर लिहिलं की ज्याच्या टेबलावर तो जातो तो आपल्या खात्याची ओळ वाचतो, बाकीचं आमचं नाही म्हणतो आणि कागद फाइलला लागतो. म्हणून एक अर्ज, एक काम. जागा कुठली तर जवळच्या दिव्याच्या खांबाचा नंबर लिही, फोटो लाव, खड्डा किंवा तुटका भाग किती फूट बाय किती फूट ते लिही. अर्जाच्या दोन प्रती, एक त्यांना, दुसरीवर आवक नंबर आणि शिक्का घेऊन आपल्याकडे. ती पोच म्हणजे आपली कमाई आहे. दूध केंद्राजवळच्या चेंबरसाठी मी दोन वर्षं फोन करत होते, साहेब चांगले होते, दरवेळी गाडी पाठवायचे, आणि मग त्यांची बदली झाली. नवीन आले ते म्हणाले, मॅडम याचा अर्ज कुठाय? कागदोपत्री ते चेंबर कधी तुंबलंच नव्हतं. महापालिकेच्या पीएमसी केअर अ‍ॅपवर तक्रार टाकलीस तरी टोकन नंबरचा स्क्रीनशॉट ठेव आणि वहीत तारीख घाल.

आता पैशाचं सांगते, कारण आपल्याकडे तक्रारी खूप जण करतात पण पैसा कुठून येतो ते फार कमी जण बघतात. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही सोय आहे, म्हणजे आपल्या भागात कुठलं छोटं काम पाहिजे, फुटपाथ, दिवे, बाक, मुतारी, ते आपणच फॉर्म भरून सुचवायचं. साधारण पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास फॉर्म निघतात, पेपरमधे छोटी बातमी येते, आणि तेव्हा सगळे गणपतीच्या गडबडीत असतात. जुलैतच मीटिंग लावून कामं ठरवून ठेव. फॉर्म भरण्याआधी जागेवर ज्युनिअर इंजिनिअरना बोलावून दाखव, कारण जागा महापालिकेच्या ताब्यात नसेल किंवा खर्चाचा अंदाज मर्यादेबाहेर गेला तर सूचना तिथेच गळते आणि आपल्याला कुणी कळवत पण नाही.

आणि अंदाजपत्रकात नाव आलं म्हणजे काम झालं असं समजू नको. आमच्या शाळेच्या बाजूच्या फुटपाथची रक्कम एका वर्षी छापून आली, आम्ही पेढे वाटले आणि निवांत बसलो. मार्चमधे चौकशीला गेले तर कळलं की ती रक्कम वर्गीकरण करून दुसऱ्याच कामाला वळवलीये. वर्गीकरण हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, तू आत्ताच शिकून ठेव. एप्रिलमधे वर्ष सुरू होतं, तेव्हापासून दर महिन्याला एकच विचारायचं, एस्टिमेट झालं का, टेंडर निघालं का, वर्क ऑर्डर कुठल्या तारखेची. दिवाळीपर्यंत टेंडर नसेल तर काळजी करायची, जानेवारीपर्यंत नसेल तर रोज जायचं.

फाइल बघायला घाबरू नको. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज करायचा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, ते तुला माहीत असेलच. पण त्याहून सोपं म्हणजे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना रेकॉर्ड बघू द्यायचं अशी पद्धत पुण्यात पडली आणि २०१८ मधे सरकारने ती राज्यभर लागू केली. आपल्या इथल्या एक आजी, शिवणकाम करायच्या, त्या माझ्याबरोबर यायच्या. फाइलमधे पेव्हर ब्लॉकची जाडी ८० मिलिमीटर लिहिली होती. त्यांनी पिशवीतून कापड मापायची टेप काढली, येताना रस्त्यावर पडलेला एक ब्लॉक त्यांनी उचलून आणलाच होता, मापला तर ६०. इंजिनिअरच्या टेबलावरच मापला. कुणी आवाज चढवला नाही, ब्लॉक तिथेच ठेवून आम्ही चहा प्यायला गेलो आणि आठवड्याभरात ठेकेदाराने ते सगळे काढून दुसरे बसवले. मला आजही त्या आजींचा अभिमान वाटतो. तुझा तो उखडलेला रस्ता आहे ना, त्याची पण वर्क ऑर्डर आधी बघ. रस्ता केल्यावर काही वर्षं तो नीट ठेवायची जबाबदारी ठेकेदाराचीच असते, त्याला दोषदायित्व कालावधी म्हणतात, किती वर्षं ते करारात लिहिलेलं असतं. आणि दुसऱ्या कुणी केबलसाठी खोदला असेल तर खोदाईची परवानगी कुणाला दिली आणि पूर्ववत करायचे पैसे कुणी भरले ते विचार. हे दोन प्रश्न कागदावर गेले की अर्धी भांडणं आपोआप मिटतात.

नगरसेवकांबद्दल तू विचारलं होतंस. मार्च २०२२ मधे महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं शहरात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मधे. त्या चार वर्षांत मी बघितलं की ज्या समित्यांची सगळी कामं एकाच माननीयांच्या फोनवर चालायची त्या गप्प झाल्या, आणि ज्यांच्याकडे पोचांची फाइल होती त्यांचं हळूहळू का होईना चालू राहिलं. आता १६५ जण निवडून आलेत, आपल्या प्रभागातल्या सगळ्यांना बोलाव, पक्ष न बघता, एकाच पत्राने. काम केलं तर आभाराचं पत्र दे. पण समितीच्या बोर्डावर कुणाचा फोटो लावू देऊ नको, पुढच्या वेळी दुसऱ्या पक्षाचा माणूस आला की आपण त्याचे शत्रू होऊन बसतो.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र, तू तेव्हा कॉलेजला होतीस बहुतेक. कात्रजकडे तुफान पाऊस झाला आणि आंबिल ओढा फुगला. पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल, ओढ्याच्या काठाने पाणी घरांत शिरलं, भिंती पडल्या, शहरात आणि आसपास वीसहून जास्त माणसं गेली. आपल्या पार्किंगमधल्या गाड्या एकावर एक चढल्या होत्या, पण ते आपलं नुकसान म्हणजे काहीच नाही, ओढ्यापलीकडच्या वस्तीत लोकांची आख्खी घरं गेली, गॅस, पुस्तकं, रेशन कार्ड सगळं.

त्याच्या आधीची चार वर्षं आमच्या समितीची सगळ्यात मोठी मागणी काय होती माहितीये? ओढ्याला आपल्या बाजूने भिंत बांधा. आपल्या बाजूने. माझ्याच सहीचे अर्ज आहेत ते, अजून फाइलमधे आहेत, मी काढून टाकले नाहीत. भिंत आपल्या बाजूला झाली तर पाणी कुठे जाणार हा प्रश्न मीटिंगमधे कुणी विचारला नाही, कारण ज्यांच्या घरात ते गेलं असतं त्यांच्यातलं कुणी त्या हॉलमधे बसलेलंच नव्हतं. पुरानंतर मदतीचं सामान द्यायला गेले तेव्हा एक बाई म्हणाल्या, ‘ताई, पुलाखाली राडारोडा टाकून पाणी जायचा गाळा बुजवलाय हे आम्ही दोन पावसाळे बघत होतो.’ आम्ही रोज त्या पुलावरून जायचो गं, आणि आम्हाला ते दिसलं नव्हतं. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

तेव्हापासून मी मीटिंगची वेळ बदलली. रविवारी सकाळी अकरा ही वेळ फक्त आपल्यासारख्यांना जमते, घरकाम करणाऱ्या बायका तेव्हा कामावर असतात, वॉचमनची ड्युटी असते. रात्री साडेआठ, आणि क्लबहाउसमधे नको, तिथे यायला पलीकडच्यांना गेटवर नाव लिहावं लागतं. मंडळाच्या शेडमधे घ्यायची, मुलं सतरंज्या टाकून देतात. पहिल्या मीटिंगला वस्तीतून दोघीच आल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. चौथ्या मीटिंगला त्यांनीच पुलाखालच्या गाळाचा अर्ज सांगितला, मी फक्त लिहून घेतला, आणि त्या वर्षी जूनच्या आधी पोकलेन आला. आपल्या ‘स्वच्छ’च्या कचरा वेचणाऱ्या ताई आहेत ना, त्यांना पण बोलाव. कुठल्या बिल्डिंगमधून ओला-सुका एकत्र येतो, कुठल्या कोपऱ्यावर रात्री गाडीतून येऊन पिशव्या टाकतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही, आणि त्यांना हे कुणी विचारत नाही. माझ्यानंतर वेळ परत रविवार सकाळ झाली, ते मला मनापासून खटकतं. तुला जर माझं एकच ऐकायचं असेल तर ही वेळ बदल, बाकी सगळं नंतर शिकशील.

रजिस्ट्रेशनचं कुणीतरी डोक्यात घातलंय तुझ्या. लगेच गरज नाही. सात जण मिळून सोसायटी नोंदणीच्या १८६० च्या कायद्याखाली आणि १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते, पण मग दरवर्षी ऑडिट आलं, कमिटी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज आला, आणि तो राहिला की पुढची कमिटी अडकते. अर्ज द्यायला, फाइल बघायला नोंदणी लागत नाही. बाहेरून देणगी घ्यायची वेळ येईल तेव्हा बघू. तोवर वर्गणीची पावती फाडायची आणि हिशोब दर महिन्याला बोर्डावर लावायचा, वीस रुपयांच्या झेरॉक्ससकट.

ज्युनिअर इंजिनिअरवर चिडू नकोस. तुझ्याच वयाचा आहे तो, केवढा तरी मोठा भाग त्याच्या एकट्याच्या गळ्यात आहे, आणि सकाळपासून त्याला सगळे फक्त ओरडायलाच फोन करतात.

तर नाव मी काढत नाहीये. सतरातलं एकच काम तू निवड, मला विचारशील तर दूध केंद्राजवळचं चेंबर, ते परत तुंबायला लागलंय आणि पावसाळा दोन महिन्यांवर आलाय. जुन्या पोचांची फाइल माझ्या कपाटात आहे, ती तुला देते. सोमवारी हाफ डे मिळतोय का बघ, अडीच वाजता मी गेटपाशी थांबते, रिक्षाने जाऊ. शिवणकामवाल्या आजींची टेप आता माझ्याकडेच असते, ती घेऊन येते.

तुझी,
काकू